'बेधडक' : एका क्रियाविशेषणाचा पाठ

रीतिवाचक क्रियाविशेषणे शिकविताना 'हळू', 'भरभर' यांवर शिक्षकांची भिस्त असते. धैर्य दर्शविणारे शब्द मात्र एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून फळ्यावर लिहून दिले जातात, व मुले ते कोठेही योजितात. 'बेधडक' हा त्यांपैकी विशेष विचारात घेण्याजोगा शब्द होय.

त्याची फोड करताना खांडबाऱ्यासारख्या सीमेजवळच्या गावी एक गंमत होण्याचा संभव आहे. पाढ्यातील 'बे' म्हणजे दोन, गुजरातीतही 'बे' म्हणजे दोनच. तेव्हा 'दोन धडका' असा अर्थ एखादा मुलगा सांगेल. त्यास हसू नये. येथील 'बे' हा फारसीतून आलेला, 'विना' या अर्थाचा उपसर्ग आहे, हे बेघर, बेफिकीर, बेकायदा या शब्दांवरून दाखवावे. 'धडक' म्हणजेही येथे टक्कर नव्हे. हिंदीत धडक म्हणजे उरातील धडधड. आपल्या 'धडकी भरणे' या वाक्प्रचारात तोच भाव आहे. उरात धडकी न भरता केलेले ते बेधडक.

आता जवळचे शब्द पाहू. 'धडाडीने' यात पुढाकार व नेट आहे. "सरपंचांनी धडाडीने विहीर पुरी करून घेतली" या वाक्यात 'बेधडक' घातल्यास सरपंचांनी कोणाची परवानगी घेतली नाही की काय, अशी शंका येईल! 'धडाक्याने' यात वेग व जोर आहे, धैर्य असेलच असे नाही. 'बिनदिक्कत' म्हणजे अडचणीची वा संकोचाची पर्वा न करता. त्यास बहुधा दोषाची छटा असते. 'निर्भयपणे' हा शब्द मात्र निखळ गौरवाचा आहे.

हा भेद एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. 'चले जाव' चळवळीत, 9 सप्टेंबर 1942 रोजी, नंदुरबार येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात 15 वर्षांचे शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सोबती हुतात्मा झाले. "शिरीषकुमार बंदुकीसमोर निर्भयपणे उभे राहिले" हे वाक्य यथार्थ आहे. 'बेधडक' घातले तरी व्याकरण बिघडत नाही. परंतु त्या शब्दात मागचापुढचा विचार न करण्याची छटा आहे, आणि संकट ओळखून पाय रोवणाऱ्यास ती उणेपणा आणते.

उलट, "तो बेधडक खोटे बोलतो" येथे 'निर्भयपणे' मुळीच चालणार नाही. म्हणजे 'बेधडक' हा शब्द स्वतः ना स्तुतीचा ना निंदेचा. क्रियापद जसे, तसा त्याचा रंग. 'बेधडकपणे' असेही लिहिलेले आढळते, पण मूळ शब्दच अव्यय असल्याने 'पणे'ची गरज आम्हांस दिसत नाही. 'बेधडक माणूस' येथे तो विशेषण होतो, हेही सांगावे.

मुलांच्या वर्तनाविषयी शेरा लिहिताना तर हा भेद फारच जपावा. घरी मावची बोलणारे मूल पहिल्या वर्षी मराठीत तोंड उघडावयास कचरते. तेच मूल पुढे चुकतमाकत का होईना उत्तर देऊ लागले, आणि शिक्षकाने "बेधडक उत्तरे देतो" असा शेरा दिला, तर वाचणाऱ्यास त्यात उद्धटपणा दिसू शकेल. अशा वेळी "धीटपणे उत्तरे देतो" असे लिहावे.

अभ्यासासाठी इयत्ता चौथीस पुढील वाक्ये द्यावीत व प्रत्येकात कोणता शब्द शोभेल तो कारणासह विचारावा : पूर आलेल्या नदीत तो ––– शिरला. साक्षीदाराने न्यायालयात सत्य ––– सांगितले. गावकऱ्यांनी रस्त्याचे काम ––– हाती घेतले. पहिल्या वाक्यात मतभेद होतील. ते होऊ द्यावेत.