जुन्या घरातील पाईप : ओळख आणि अर्थ

जुने घर विकत घेताना भिंतींच्या भेगा, छताची ओल आणि कागदपत्रे बारकाईने पाहिली जातात. नळ उघडला आणि पाणी आले की पाण्याची व्यवस्था ठीक असल्याचे गृहीत धरले जाते. वस्तुतः दुरुस्तीचा अनपेक्षित खर्च आणि आरोग्याचा धोका अनेकदा पाईपमध्येच दडलेला असतो. बँकेचा मूल्यांकन अहवाल घराची किंमत सांगतो. भिंतीतील पाईप उघडून पाहणे त्यात अभिप्रेत नसते. ते काम घरमालकाचे आहे.

म्हैसूरच्या वायव्येकडील हूटगळ्ळी या उपनगराचे उदाहरण घेता येईल. औद्योगिक वसाहत आणि कर्नाटक गृहनिर्माण मंडळाची वसाहत यांमुळे या मूळच्या खेड्याचा विस्तार झाला आणि २०२० मध्ये त्यास नगरसभेचा दर्जा मिळाला. अशा टप्प्याटप्प्याने वाढलेल्या वस्तीत एकाच घरात मूळचा लोखंडी पाईप, नंतर जोडलेला प्लास्टिकचा तुकडा आणि कूपनलिकेची वेगळी वाहिनी एकत्र आढळू शकतात. म्हणून दिसणारा पाईप म्हणजेच संपूर्ण वाहिनी, असे कधीही समजू नये. पाईप कशाचा आहे, त्यातून काय वाहते आणि ते कोठून कोठे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याची ओळख पूर्ण होते.

धातूचे पाईप

ओळखीसाठी लहान लोहचुंबक आणि एक नाणे पुरेसे आहे. चुंबक चिकटला आणि जोड आट्यांचे असले, तर तो बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, म्हणजेच जी. आय. पाईप होय. नव्या पाईपवरील रंगाचा पट्टा त्याची जाडी सांगतो : पिवळा हलक्या, निळा मध्यम आणि तांबडा जड वर्गाचा. जुन्या पाईपवर हा पट्टा क्वचितच उरतो. आटे पाडताना पाईपची जाडी कमी होते व मुलामाही निघून जातो. त्यामुळे गंज प्रथम जोडाशी धरतो. सकाळी पहिले पाणी तांबूस येणे आणि नळाची धार वर्षानुवर्षे बारीक होत जाणे, ही आतून गंजलेल्या पाईपची लक्षणे आहेत.

जाड, काळपट आणि एका टोकाला फुगीर तोंड असलेला पाईप बिडाचा असतो. जुन्या इमारतींत शौचालयाच्या उभ्या वाहिनीसाठी तो वापरीत आणि जोडात ताग व वितळलेले शिसे भरीत. बीड कठीण, पण ठिसूळ असते. हातोड्याच्या घावाने ते तडकते.

चुंबक चिकटत नाही, धातू मऊ आहे आणि नाण्याने ओरखडा काढल्यास खाली चंदेरी चमक दिसते, असा करडा पाईप शिशाचा असण्याची शक्यता आहे. तो आपल्याकडे विरळ असला, तरी फार जुन्या इमारतींत आढळू शकतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात शिशाचे प्रमाण ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. पाणी उकळल्याने शिसे नाहीसे होत नाही. असा पाईप आढळल्यास पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून तो बदलावा.

सिमेंट, माती आणि प्लास्टिक

करड्या रंगाचा, सिमेंटसारखा दिसणारा पाईप अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने तो कोरडा कापू नये वा घासू नये. जमिनीखाली आढळणारा तपकिरी, तुकतुकीत मातीचा पाईप सांडपाण्याचा असतो. त्याच्या जोडांतून झाडांची मुळे आत शिरतात व वाहिनी तुंबते.

प्लास्टिकच्या पाईपवरील छापील मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. आय. एस. ४९८५ हा क्रमांक पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाईपचा, तर आय. एस. १३५९२ हा इमारतीतील सांडपाणी व पावसाच्या पाण्याच्या पाईपचा आहे. फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाईप गरम पाण्याला चालतो. साधा पीव्हीसी पाईप गीझरनंतर जोडू नये, कारण उष्णतेने तो मऊ पडतो. पूर्वी पीव्हीसी पाईपच्या निर्मितीत शिशाची संयुगे वापरली जात. त्यांच्या नियंत्रणासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले.

पाण्याचा मार्ग

रस्त्यावरील वाहिनीपासून मीटर, जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरील टाकी आणि शेवटी नळ, असा क्रम कागदावर मांडावा. गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून स्वयंपाकघरातील नळ काही वेळ उघडा ठेवावा. पाणी येतच राहिले, तर तो नळ थेट वाहिनीवर किंवा अन्य जोडणीवर आहे. टाकीत जाणारे पाणी थांबवून आणि सर्व नळ बंद करूनही मीटर फिरत असेल, तर कोठेतरी गळती आहे.

नळाला ठरावीक वेळीच पाणी येते तेथे ही गळती अधिक घातक ठरते. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि भोवतालचे घाण पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाऊ शकते. मुख्य वाहिनीला थेट पंप लावल्यास हा धोका वाढतो. मे २०२४ मध्ये म्हैसूर तालुक्यातीलच के. साळुंडी गावात दूषित पाण्यामुळे अनेक ग्रामस्थ आजारी पडले व एकाचा मृत्यू झाला. पिण्याच्या पाण्याचा पाईप गटारातून किंवा मैल्याच्या चेंबरला लागून गेलेला असेल, तर तो पाण्याचा रंग बदलण्याची वाट न पाहता हलवावा. कूपनलिकेची आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी केवळ एका व्हॉल्व्हने विलग केलेली असेल, तर ती जोडणी तोडून घ्यावी. जुना व्हॉल्व्ह आतून गळला तरी बाहेरून समजत नाही.

पाईप आणि वीज

काही जुन्या घरांत विजेच्या अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाईपला बांधलेली असते. अशा वाहिनीत प्लास्टिकचा एक तुकडा बसविला की अर्थिंगचा मार्ग खंडित होतो. मग एखाद्या उपकरणात बिघाड झाल्यास त्याचे धातूचे आवरण, इतकेच नव्हे तर नळही विद्युतभारित होऊ शकतो. म्हणून लोखंडी पाईप कापण्यापूर्वी परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. तार स्वतः काढू नये.

व्यवहारापूर्वी

जुने घर घेण्यापूर्वी जाणकार प्लंबरकडून वाहिन्यांची पाहणी करून घ्यावी आणि बदलाचा अंदाजित खर्च लेखी घ्यावा. तो खर्च हाती असल्यास किमतीची बोलणी वस्तुस्थितीला धरून होतात आणि दुरुस्तीसाठी कर्ज हवे असल्यास गरजेची रक्कमही आधीच कळते. भिंती बुजविण्यापूर्वी नव्या वाहिन्यांची छायाचित्रे काढून, मोजमापांसह नकाशा घराच्या कागदपत्रांसोबत जपावा. पुढे भिंतीत एक खिळा ठोकतानाही त्याचा उपयोग होईल.