शीतक पंपावरील पहारा

स्वतःचे विमान स्वतः बांधणाऱ्या हौशी मंडळींची अमेरिकेतील मोठी संघटना म्हणजे 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन'. ती १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात स्थापन झाली. अशा विमानबांधकांपैकी काहीजण विमानाच्या खास इंजिनाऐवजी मोटारगाडीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन वापरतात. आणि त्यांतील काही इंजिनांवर पट्ट्याने फिरणाऱ्या पंपाऐवजी विजेचा पंप बसविलेला असतो. मग सारे इंजिन एका तारेवर व एका फ्यूजवर अवलंबून राहते. मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात तशी सोय नाही. म्हणून पंप थांबल्याची वार्ता वैमानिकाला तत्काळ मिळणे अगत्याचे ठरते.

ही वार्ता तापमापक देईलच, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हे एका साध्या हिशेबावरून पाहू. समजा, इंजिन पाण्याला ५० किलोवॅट उष्णता देत आहे आणि सिलिंडरांभोवती ५ लिटर पाणी आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापण्यास सुमारे ४.२ किलोजूल उष्णता लागते. अभिसरण थांबले की हे पाणी दर सेकंदाला सुमारे २.४ अंशांनी तापेल, आणि ९० अंशांवरून १२० अंशांवर जाण्यास जेमतेम तेरा सेकंद लागतील. धातूही काही उष्णता शोषून घेतो. त्यामुळे प्रत्यक्षात थोडी अधिक सवड मिळते, इतकेच. याउलट, तापमापकाचे टोक बाहेरील नळीत असेल तर तेथील पाणी जागच्या जागी थबकते आणि काटा जुनेच तापमान दाखवीत राहतो. पाणी गळून गेले असेल तर टोकाभोवती नुसती हवा किंवा वाफ उरते व काटा खालीही येतो. संकट वाढत असता काटा मात्र निर्धास्त!

तेव्हा प्रश्न पाण्याला न विचारता पंपालाच विचारला पाहिजे. यासाठी दोन साक्षीदार उपयोगी पडतात. पहिला साक्षीदार दाबाचा. मात्र बंद शीतनव्यवस्थेत पाणी तापल्यानेही दाब वाढतो. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही, तर पंपाच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबांतील फरक मोजावा लागतो. दुसरा साक्षीदार विद्युतप्रवाहाचा, म्हणजे पंपाच्या तारेत बसविलेला ॲमीटर.

दोघांच्या साक्षी एकत्र वाचल्या म्हणजे रोगाचे निदान होते. दाबफरक नाही व प्रवाहही शून्य, तर फ्यूज, तार किंवा स्विच तुटला आहे. दाबफरक नाही, पण प्रवाह नेहमीपेक्षा कमी असला, तर पंपात पाण्याऐवजी हवा शिरली असावी किंवा त्याचे पाते दांड्यावरून सुटले असावे. दाबफरक नाही आणि प्रवाह फार वाढला, तर पंप अडकला आहे. दाबफरक वाढून प्रवाह उतरला, तर पंप ठीक आहे, परंतु पुढची वाट तुंबली आहे.

इशाऱ्याचा दिवाही विचारपूर्वक जोडावा लागतो. दाबफरक नसताना तो पेटावा, अशी रचना केली म्हणजे पंप सुरू करण्यापूर्वी तो लाल दिसतो व पंप चालू होताच विझतो. अशा रीतीने प्रत्येक उड्डाणापूर्वी दिव्याचीही परीक्षा आपोआप होते. जो दिवा केवळ संकटातच पेटावयाचा, तो आधीच जळून गेलेला असला तर कळणार कसे?

इशारा मिळाल्यावर वैमानिकाने इंजिनाची शक्ती कमी करावी, राखीव पंप सुरू करावा आणि उतरण्याजोगी जागा हाताशी ठेवावी. राखीव पंप समांतर जोडलेला असेल तर प्रत्येकाच्या पुढे एकदिशा झडप हवी. अन्यथा पाणी बंद पंपातून उलट फिरून येते आणि इंजिन तहानलेलेच राहते. दोन्ही पंपांना स्वतंत्र तार व स्वतंत्र फ्यूज असावा, हे तर ओघानेच आले. नाहीतर ज्या कारणाने पहिला पंप थांबला, त्याच कारणाने दुसराही थांबेल.