दार लावून घेणारा येशू

आजचा शास्त्रपाठ : मार्क ५:३५-४३

मित्रांनो, आजचा उतारा वाचताना मला माझी एक चूक आठवली. आधी ती सांगतो, मग वचनाकडे येऊ.

आमच्या धर्मग्रामातला युवा ग्रुप तीन दिवसांच्या मिशन ट्रिपला गेला होता. वसईपासून फार लांब नाही, आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या एका बालगृहात. काही मुलं अनाथ, काहींना घरी सांभाळणारं कुणी नाही, आणि काही मुली अत्याचारातून सुटून आलेल्या. आम्ही खेळ नेले, वह्या नेल्या, गाणी बसवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मुलगी माझ्या शेजारी बसून चित्र रंगवत होती. छान रमली होती. मी आपलं सहज विचारलं, "तू इथे कशी आलीस गं?"

तिने हातातला खडू खाली ठेवला. उठली आणि आत गेली. आम्ही निघेपर्यंत ती माझ्यासमोर आली नाही.

रात्री भांडी घासताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "बाळा, तुझ्या मनात वाईट नव्हतं, ते मला कळतं. पण हाच प्रश्न तिला पोलिसांनी विचारलाय, डॉक्टरांनी विचारलाय, बालकल्याण समितीने विचारलाय. इथे तरी कुणी विचारू नये, एवढंच तिला हवंय."

मला रात्रभर झोप लागली नाही. कारण खरं कारण मला माहीत होतं. रविवारी मिस्सानंतर ग्रुपसमोर मला अनुभव सांगायचा होता आणि त्यासाठी मला एक 'स्टोरी' हवी होती. तिचं दुःख माझ्या साक्षीसाठी कच्चा माल झालं होतं. दुपारी तिच्यासोबत काढलेला फोटोही मोबाईलमध्ये होता, स्टेटसला टाकायचा म्हणून. तो तेव्हाच डिलीट केला.

आता आजचं वचन बघा. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी गेल्याचा निरोप येतो. घरी गर्दी, रडारड, आकांत. येशू काय करतो? सगळ्यांना बाहेर काढतो. आत राहतात फक्त आई-वडील आणि पेत्र, याकोब, योहान. तो तिचा हात धरतो, तिला उठायला सांगतो आणि ती उठून चालू लागते. एवढा मोठा चमत्कार! पण त्यानंतर तो दोनच सूचना देतो : हे कुणाला कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खायला द्या.

मी हा उतारा कितीतरी वेळा ऐकला होता, पण एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. मार्क वडिलांचं नाव लिहितो, मुलीचं लिहीत नाही. ती उद्या विहिरीवर जाईल तेव्हा लोकांनी बोट दाखवू नये, तिला साधं बारा वर्षांच्या मुलीसारखं जगता यावं, याची काळजी मला त्या बंद दारामागे दिसते.

आमच्या कामात कुठला डेटा कुणाला दिसावा, याची परवानगी आधी ठरवावी लागते. मग एका मुलीच्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट बघायची परवानगी मी न विचारता कशी घेतली? देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर मुलाला साक्षीसाठी कोर्टात पुन्हा पुन्हा बोलवू नये, अशीही तरतूद आहे.

पण दार लावून घेणं म्हणजे गुन्हा झाकणं नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. एखादं मूल आपणहून काही सांगू लागलं तर शांतपणे ऐका, विश्वास ठेवा, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं पॉक्सोप्रमाणे बंधनकारक आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहे. तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

गर्दी बाहेर काढली, मग पुढे काय? याचं उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतः आई-वडील आणि बहीण गमावली होती. म्हणून १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी घर उभं राहिलं, तेच मुक्ती मिशन. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तिथे कृपा सदन होतं. अंध मुलींना शिकवण्यासाठी रमाबाईंची लेक मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली. मुली शेती करत, विणकाम करत, छापखान्यात खिळे जुळवत. ज्यांना जगाने ओझं म्हटलं, त्यांच्याच हातांनी रमाबाईंचं मराठी बायबल छापलं गेलं!

रमाबाईंनी त्यांना आधी जेवण दिलं, मग अक्षर दिलं, मग काम दिलं. याईरच्या घरातही हाच क्रम आहे. हात धरणं, चालू देणं, खायला देणं. आणि रमाबाई तीन दिवसांनी परतल्या नाहीत. १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या तिथेच राहिल्या.

आपल्याला केडगाव उभारता येणार नाही. विरार लोकलमध्ये चेंगरून येणाऱ्या माणसाला रोजचा दिवसच पुरत नाही, मान्य. पण महिन्यातला एक शनिवार देता येईल. मी आता तेवढंच करतो. त्याच बालगृहात जातो, सिस्टर सांगतील ते करतो. बहुतेक वेळा गणित शिकवतो, कधी भाजी निवडतो. चार महिन्यांनी ती मुलगी अपूर्णांकांची वही घेऊन समोर बसली. मी फक्त एवढंच विचारलं, "कुठलं गणित अडलंय?"

आजचा संकल्प : सेवेला जाताना फोन बॅगेत ठेवीन. कुणाची कहाणी मागणार नाही. परत येईन म्हणालो, तर परत जाईन.

प्रार्थना : प्रभू येशू, तू गर्दीला बाहेर काढलंस. माझ्या मनातली कौतुकाची हावही बाहेर काढ. ज्या लेकरांना माणसांनी दुखावलंय, त्यांच्याजवळ मला हळू पावलांनी जायला शिकव. त्यांचं नाव तुझ्याजवळ सुरक्षित आहे, माझ्याजवळही राहू दे. आमेन.