आचारसंहिता आणि गुणवत्ता

‘लिनक्स’ ही संगणकप्रणाली १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केली. तिची आज्ञावली सर्वांना खुली आहे. कोणीही ती वाचावी, सुधारणा पाठवावी आणि जाणकारांनी ती पारखून स्वीकारावी किंवा नाकारावी, अशी तेथील रीत. ही पारख कठोर हवीच. कारण तेथील एक चूक असंख्य यंत्रांना भोवते.

परंतु ही कठोरता पुष्कळदा कामावरून माणसावर घसरे. खुद्द टोरवाल्ड्स यांची पत्रे शिवराळपणाबद्दल प्रसिद्ध होती. २०१५ साली तेथे एक छोटी संहिता झाली, तिचे नावच ‘संघर्षसंहिता’! कामावर टीका होणारच. कोणाला व्यक्तिशः त्रास झाल्यास त्याने सल्लागार मंडळाला कळवावे, असा तिचा आशय. कोणते वर्तन निषिद्ध, हे मात्र तीत सांगितले नव्हते.

सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी जाहीर क्षमा मागितली व काही आठवडे काम बाजूला ठेवले. त्याच वेळी नवी आचारसंहिता आली. कोरलाइन एडा एम्के यांनी २०१४ साली तयार केलेला मसुदा तिला आधारभूत होता. इष्ट वर्तन, निषिद्ध वर्तन व प्रमुखांची जबाबदारी तीत स्पष्ट नमूद आहे.

यावर वाद झाला. पुरेशी चर्चा न करता संहिता आणली, हा एक आक्षेप. तो मला रास्त वाटतो. नियम ज्यांनी पाळायचे, त्यांना आधी विचारावे. दुसरा आक्षेप असा, की काम चांगले असले की पुरे, वागणुकीचे नियम कशाला?

येथे मात्र माझे मत वेगळे आहे. ज्याच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा माझ्यासारख्याला वर्गात उत्तर चुकल्यावर हशा झाला, तर चूक उत्तरात होती की आपल्या येथे असण्यात, हेच कळत नाही. तो पुन्हा हात वर करीत नाही. मग त्याची गुणवत्ता पारखणार तरी कोण? अपमानाने चुका कमी होत नाहीत. बोलणारे कमी होतात.

म्हणून आचारसंहिता ही गुणवत्तेची वैरीण नव्हे. ‘हे उत्तर चूक आहे’ असे स्पष्ट सांगावे. ‘तू मूर्ख आहेस’ असे म्हणू नये. एवढा भेद आपल्या वक्तृत्व मंडळातही पाळला, तरी मागच्या बाकावरचे काही आवाज ऐकू येतील.