दुकानाचा नफा आणि घरातील शुश्रूषा : हिशेब कसा मांडावा?

बऱ्हाणपुरातील व्यापाऱ्याच्या वहीत सुताच्या गाठीस खाते असते, यंत्रमागाच्या कापडास असते, केळीच्या गाडीच्या भाड्यासही असते. परंतु घरात अंथरुणास खिळलेले वडील असले, किंवा जन्मापासून परस्वाधीन असलेले मूल असले, तर त्यांना भरविण्यासाठी दुपारी दोन तास दुकान बंद ठेवणाऱ्या गृहस्थाचे ते दोन तास कोणत्याच खात्यावर चढत नाहीत. शुश्रूषा हा व्यवहार नसून कर्तव्य आहे, हे खरेच. मात्र त्या कर्तव्यापोटी शासनाकडे एखादी सवलत मागावयाची वेळ आली, की पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : आपले उत्पन्न किती? नोकरदार आपले पगारपत्रक पुढे करतो. व्यापाऱ्याने काय पुढे करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या बाबतीत सामान्यतः तीन चुका होतात. पहिली, विक्रीलाच उत्पन्न समजणे. दुसरी, घरखर्चासाठी गल्ल्यातून केलेली उचल हेच उत्पन्न मानणे. तिसरी, घरातील रुग्णासाठी केलेला खर्च दुकानाच्या खर्चात लिहिणे. उत्पन्न म्हणजे ह्यांपैकी काहीही नव्हे. उत्पन्न म्हणजे निव्वळ नफा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. किरकोळ कापडाच्या एका दुकानाची वर्षाची विक्री ९०,००,००० रुपये आहे. वर्षारंभी शिल्लक माल १४,००,००० रुपयांचा होता, वर्षात ७०,००,००० रुपयांची खरेदी झाली व वर्षाअखेर १२,००,००० रुपयांचा माल शिल्लक राहिला. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ७२,००,००० रुपये, आणि ढोबळ नफा १८,००,००० रुपये. त्यातून दुकानभाडे, नोकरांचे पगार, वीज, वाहतूक व व्याज मिळून ३,८०,००० रुपये वजा केले, की निव्वळ नफा १४,२०,००० रुपये उरतो. मालकाने वर्षात घरासाठी ६,००,००० रुपये उचलले. ही उचल नफ्यात मिळवावयाची नाही, की नफ्यातून वजाही करावयाची नाही.

आता ह्या उचलीपैकी १,२०,००० रुपये वडिलांजवळ बसणाऱ्या मदतनिसास दिले आहेत. मुनिमाने ते 'नोकरपगार' खात्यावर लिहिले, तर नफा १३,००,००० रुपये दिसेल. हेतू वाईट नसला तरी हा हिशेब चुकीचा आहे, कारण तो मदतनीस दुकानाचे काम करीत नाही. शुश्रूषेच्या खर्चासाठी कायद्यात निराळी जागा आहे. तेथे तो मागावा, दुकानाच्या खर्चात दडवू नये.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे नव्या वहीचे पूजन दिवाळीत होते, पण कराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. शिल्लक मालाची मोजदाद ३१ मार्चला केली नाही, तर वरील सारे गणित अंदाजावर जाते.

ह्या प्रश्नाचा सर्वांत बारीक विचार ब्रिटनमध्ये झालेला दिसतो, म्हणून तेथील रीत पाहणे बोधप्रद होईल. तेथे १९७६ मध्ये शुश्रूषा-भत्ता सुरू झाला. आठवड्यातून किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यास तो मिळतो, परंतु त्याची स्वतःची कमाई ठराविक मर्यादेच्या आत असावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा आठवड्यास १५१ पौंडांवरून १९६ पौंड करण्यात आली. स्वतंत्र धंदा करणाऱ्याची कमाई मोजताना जमेतून धंद्याचा खर्च, कर व राष्ट्रीय विम्याची वर्गणी वजा होते. निवृत्तिवेतनासाठी भरलेल्या रकमेचा निम्मा भागही वजा होतो. इतकेच नव्हे, तर आपण कामावर असताना रुग्णाकडे पाहण्यासाठी जवळचा नातलग नसलेल्या मदतनिसास दिलेला मोबदलाही कमाईच्या निम्म्यापर्यंत वजा करता येतो. ह्या रीतीचा दोष असा, की कमाई मर्यादेच्या एक पौंड वर गेली तरी भत्ता अंशतः कमी न होता सर्वच्या सर्व जातो. त्यामुळे हिशेबातील लहानशा चुकीपायी अनेक शुश्रूषकांवर मोठ्या परतफेडीचा बोजा पडला, आणि २०२४ मध्ये सरकारला ह्या वसुलीची स्वतंत्र समीक्षा जाहीर करावी लागली. हिशेब वेळच्या वेळी न ठेवण्याची किंमत किती होते, हे ह्यावरून ध्यानात येईल.

आपल्या प्राप्तिकर कायद्यात असा साप्ताहिक भत्ता नाही. त्याऐवजी वजावट आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८०डीडी ह्या नावाने ओळखली जाते. पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, भाऊ अथवा बहीण ह्यांपैकी कोणी दिव्यांग असून मुख्यतः आपल्यावर अवलंबून असेल, आणि त्याच्या सांभाळासाठी आपण खर्च करीत असू, तर दिव्यांगता ४० टक्के वा अधिक असल्यास ७५,००० रुपये, व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. प्रत्यक्ष खर्च ह्याहून कमी झाला असला, तरी वजावट पूर्ण मिळते. मात्र विहित वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे, त्याची मुदत संपलेली नसावी, आणि त्या दिव्यांग व्यक्तीने स्वतःच्या उत्पन्नातून अशीच वजावट घेतलेली नसावी. केवळ वार्धक्य किंवा आजारपण पुरेसे नाही. कायद्याला प्रमाणित दिव्यांगता लागते. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यात कलमांचे क्रमांक निराळे आहेत, हे अर्ज भरताना लक्षात ठेवावे.

येथे मुख्य अडचण उभी राहते. ही वजावट केवळ जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. म्हणून सवलत आहे एवढ्यावरून ती घेणे लाभाचे ठरेलच, असे नाही. वरील दुकानदाराचे २०२५-२६ ह्या वर्षाचे गणित करून पाहू. त्यास दुसरे उत्पन्न नाही, वय ६० च्या आत आहे, व वडिलांची दिव्यांगता ८० टक्क्यांवर आहे असे धरू. जुन्या पद्धतीने १४,२०,००० रुपयांतून शुश्रूषेचे १,२५,००० व विमा-बचतीचे १,५०,००० रुपये वजा केले, की ११,४५,००० रुपये उरतात. त्यावर उपकरासह १,६२,२४० रुपये कर होतो. नव्या पद्धतीने काहीही वजा न करता १४,२०,००० रुपयांवर ९६,७२० रुपयेच होतो. एवढेच नव्हे, त्या वर्षी व्यक्तीचे धंद्याचे उत्पन्न १२,००,००० रुपयांपर्यंत असेल, तर नव्या पद्धतीत कर मुळीच नाही.

परंतु हिंदू अविभक्त कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. जैन कुटुंबेही करासाठी ह्याच संज्ञेत येतात. १२,००,००० रुपयांपर्यंतची ती सूट व्यक्तीस आहे, कुटुंबास नाही. शुश्रूषेची वजावट मात्र कुटुंबासही आहे. कुटुंबाचे उत्पन्न ५,००,००० रुपये धरले, तर नव्या पद्धतीत ५,२०० रुपये कर होतो. जुन्या पद्धतीत शुश्रूषेचे १,२५,००० व विमा-बचतीचे १,२५,००० रुपये वजा केल्यास काहीच कर राहत नाही. तेव्हा दोन्ही रीतींनी गणित करून मगच निवड करावी. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी पद्धत निवडून तो पुन्हा नव्या पद्धतीत आला, तर धंदा असेपर्यंत जुनीकडे परत जाता येत नाही. घाईने घेतलेला निर्णय अशा रीतीने दीर्घकाळ बांधून ठेवतो.

लहान व्यापाऱ्यांपैकी पुष्कळजण विक्रीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या ६ टक्के, असा अनुमानित नफा दाखवितात. ही सोय योग्य आहे. परंतु तो आकडा किमान आहे, हे विसरू नये. वहीत नफा अधिक दिसत असेल, तर अधिकच दाखवावा. त्या रीतीत दुकानाचा खर्च निराळा वजा होत नाही, तरी जुन्या करपद्धतीत शुश्रूषेची वजावट त्यानंतरही मागता येते.

सारांश, वहीत तीन गोष्टी पाळाव्यात. मालकाची उचल निराळ्या पानावर लिहावी. शुश्रूषेच्या खर्चास घरखर्चात स्वतंत्र पोटखाते द्यावे, व औषधांच्या पावत्या तारखेनुसार जोडाव्यात. प्रमाणपत्राची मुदत वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवावी. दुकान बंद ठेवून रुग्णाजवळ घालविलेल्या तासांची नोंद आपला कायदा मागत नाही. तरीही ती ठेवावी, असे आम्ही सुचवू. वर्षाअखेर विक्री का घटली, ह्याचे उत्तर कित्येकदा बाजारात नसते, त्या तासांत असते. आणि ते कोणी सोसले, हे घरातील पुढच्या पिढीस कळणेही अगत्याचे आहे.