शोक आणि हातचें काम

ज्या घरीं शोकाचा प्रसंग कधींच आला नाहीं, असें घर आमच्या भिवापुरांत नाहीं आणि इतरत्रहि कोठें सांपडावयाचें नाहीं. अशा वेळीं सांत्वनास आलेले आप्तेष्ट चार दिवस राहून आपापल्या गांवीं परततात आणि मग खरा कठीण काळ सुरू होतो. सारा दिवस रिकामा समोर उभा असतो; हातांस काय द्यावें तें कळत नाहीं. या रिकाम्या हातांविषयीं कांहीं विचार आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

भिवापूर मिरचीमुळें प्रसिद्ध असलें, तरी जवळचें उमरेड हें गांव हातमागासाठीं फार पूर्वींपासून ओळखलें जातें. कोष्ट्याचें काम ज्यानें लक्ष देऊन पाहिलें असेल, त्यास एक गोष्ट दिसली असेल. ताण्यांतील धागा तुटला कीं विणकर माग थांबवितो, दोन्ही टोकें शोधून सांधतो व पुन्हा धोटा फेंकूं लागतो. सांधा कापडांत राहतोच. पण विणकाम पुढें चालतें.

शोक आणि हातचें काम यांचा असाच संबंध दाखविणारें एक उदाहरण आपल्या विदर्भांतच आहे. महात्मा गांधींचे निकटचे सहकारी व आप्त मगनलाल गांधी हे एप्रिल १९२८ मध्यें पाटण्यास वारले. खादीचें शास्त्र सिद्ध करण्यासाठीं मगनलालांनीं आपलें आयुष्य वेंचलें होतें. त्यांच्या विधवा पत्नीपेक्षांहि आपणच अधिक पोरके झालों, अशा अर्थाचे उद्गार गांधींनीं त्या वेळीं लिहून प्रसिद्ध केले. पुढें वर्ध्यास ग्रामोद्योगांचें केंद्र उभें राहिलें, त्यास 'मगनवाडी' हें नांव मिळालें. आणि १९३८ सालीं तेथें ग्रामोद्योगांचें 'मगन संग्रहालय' उघडलें. ज्याच्या वियोगाचें दुःख होतें, त्याचीच विद्या पुढें चालविणें हें त्याचें स्मारक ठरलें.

दुसरा प्रसंग अधिक हृदयस्पर्शी आहे. ता. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं पुण्याच्या आगाखान महालांत, बंदिवासांत असतांना, कस्तूरबांनीं देह ठेविला. साठांहून अधिक वर्षांचा सहवास संपला. दुसऱ्या दिवशीं त्यांस अखेरचा निरोप दिला, तेव्हां अंगावर जी साडी होती ती गांधींनीं स्वतः कातलेल्या सुताची होती. जें सूत रोजच्या नेमानें निघालें, तेंच शेवटीं प्रेमाची भेट झालें. त्या क्षणीं कोणत्याहि शब्दास जें साधलें नसतें, तें त्या सुतानें साधलें.

कातण्यासारख्या कामांत ही शक्ति कोठून येते? पहिलें कारण माप. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी व चार लटींची एक गुंडी. दुःखास माप नसतें. पण एक लटी पुरी झाली म्हणजे आजचा दिवस अगदींच वायां गेला नाहीं, एवढें तरी कळतें. दुसरें कारण अवधान. पेळूंतून धागा घाईनें ओढला तर तुटतो, सैल सोडला तर गुंता होतो. म्हणून घटकाभर तरी मन बोटांपाशीं येऊन बसतें. तिसरें कारण सोबत. कातणाऱ्याजवळ दुसरा कोणी कांहींएक न बोलतां बसूं शकतो, आणि त्या मौनाचा संकोच कोणासहि वाटत नाहीं.

पंडिता रमाबाईंनीं हें मर्म जाणलें होतें. दुष्काळाच्या काळांत त्यांचे आईबाप गेले. १८८० मध्यें भाऊ व १८८२ मध्यें पति गेले. पुढें केडगांवच्या मुक्ति सदनांत आलेल्या अनाथ व विधवा स्त्रियांस त्यांनीं आश्रयाबरोबरच विणणें, शिवणें, छापखान्याचे खिळे जुळविणें अशीं कामेंहि दिलीं. ज्या हातांस जगानें निरुपयोगी ठरविलें होतें, त्यांस आपला उपयोग पुन्हा दिसला.

तथापि एक सावधगिरी राखली पाहिजे. हातचें काम हें दुःखावरील औषध नव्हे, आणि रडणाऱ्यास गप्प करण्याचें साधनहि नव्हे. "कांहीं काम कर म्हणजे विसरशील," असें शोकाकुलास सांगणें निष्ठुरपणाचें आहे. त्यास विसरावयाचें नसतेंच. शिवाय ज्याचें पोट मागावर आहे, त्याला दुःखांतहि माग चालवावा लागतो. त्याच्या कष्टांस आपण विरंगुळा म्हणूं नये.

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींस आमचें सांगणें इतकेंच कीं, सुखाच्या दिवसांतच एखादें हातचें काम शिकून ठेवा. सूत, सुई, सुतारकी, जें आवडेल तें. शोकाच्या दिवशीं नवी विद्या शिकण्याचें त्राण नसतें. हातांनीं पूर्वीं शिकलेलें तेवढेंच कामास येतें. आणि शेजारच्या घरीं दुःख आलें, तर उपदेश करूं नका. आपलें काम घेऊन जा व जवळ बसा.