कारवारच्या जंगलातला बांबू कुठे गेला?



घरात एकदा नजर फिरवा. सूप, रोवळी, परडी, शेतावरच्या घरात कणगी आणि शिडी. यांतल्या बऱ्याच वस्तूंची जागा आता प्लॅस्टिकने घेतली आहे. प्लॅस्टिक स्वस्त म्हणून असे झाले, हे खरेच. पण आपल्या भागात बुरुडाला बांबू मिळेनासा झाला, हेही त्याचे एक कारण आहे. तो का मिळेनासा झाला, त्याची ही हकिगत. ती घडली आपल्या शेजारीच, खानापूर-लोंढ्याच्या पलीकडे काळी नदीच्या खोऱ्यात.

आधी थोडे शास्त्र. बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. (1927च्या वन कायद्याने मात्र त्याला झाड ठरवले होते. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूची त्यातून सुटका व्हायला 2017 साल उजाडले!) पावसाळ्यात जमिनीखालच्या कंदातून कोंब येतात आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. पुढे काठी वाढत नाही, जाडही होत नाही, फक्त पक्की होते. म्हणून बेटाचे भवितव्य त्या वर्षी किती कोंब जगले यावर ठरते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काळीच्या जंगलात मुख्यतः दोन जाती. एक काटेरी कळक, दुसरी मेस, जवळजवळ भरीव. इंग्रजी अमलात वनखात्याला हवे होते सागवान. सागाच्या लागवडीत बांबू म्हणजे तण, म्हणून तो काढून टाकीत. मग बांबूच्या लगद्यापासून चांगला कागद होतो हे सिद्ध झाले आणि 1925 साली या उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही आला. कालचे तण एकदम कच्चा माल झाले.

1950च्या दशकात दांडेलीला कागद गिरणी उभी राहिली. सरकारने तिला जिल्ह्यातला बांबू दिला. भाव किती? टनाला दीड रुपया! हीच वस्तू बुरुडाला बाजारात कितीतरी पट भावाने घ्यावी लागे. शिवाय जंगलात बांबू किती आहे याचा सरकारी अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच फुगलेला होता. इतक्या स्वस्त मिळणाऱ्या वस्तूची काळजी कोण घेणार? पालकांनीच सांगावे.

पंधरा-वीस वर्षांत बांबू विरळ झाला. बुरुडांनी सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. दोष कुणाचा यावर वाद सुरू झाला. गिरणीची माणसे म्हणत, गावकरी आणि त्यांची गुरे जंगल खातात. गावकरी गिरणीकडे बोट दाखवीत. तेव्हा 1970च्या दशकाच्या मध्यास कर्नाटक सरकारने बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील माधव गाडगीळ यांना अभ्यास करायला सांगितले. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी रानात जाऊन बेटे निवडली, त्यांतले कोंब मोजले, पुढे कोणता जगला आणि कोणता मेला याची नोंद ठेवली.

यातून जे निघाले ते फार बोलके आहे. कळकाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. वनखात्याचा नियम असा, की हे जाळे साफ करावे. बेट मोकळे झाले की कोंब सरळ येतील. नियम पुस्तकात छान दिसतो. गावकरी मात्र सांगत होते, काटे काढू नका, कोंब उघडे पडतात. झालेही तसेच. जाळे गेले की गुरे, माकडे, साळिंदरे कोवळा कोंब सहज फस्त करीत. मोजणीने गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरवले. म्हणजे गुरे खात होती हे खोटे नव्हते, पण त्यांच्यासाठी दार उघडले होते ते साफसफाईने. एका घटनेला दोन कारणे असतात आणि एक दुसऱ्याच्या पाठीमागे दडलेले असते ते असे.

तिसरे कारण निसर्गाचे. कळक साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी एकदाच फुलतो, मोठ्या टापूतली बेटे एकाच सुमारास फुलतात, बी पडते आणि बेट वाळून मरते. बियांची रोपे तग धरून त्यांचे बेट व्हायला काही वर्षे लागतात. त्या काळात वणवा लागला वा चराई झाली तर जागा रिकामीच राहते. (मिझोराममध्ये वेगळ्या जातीचा बांबू असाच फुलतो. बियांवर उंदीर माजतात आणि मग ते शेतातले पीक खातात. 1959चा तिथला दुष्काळ असा पडला, 2007च्या सुमारास पुन्हा तीच वेळ आली.) फुलोरा टाळता येत नाही. पण त्यानंतर रोपांना जपणे आपल्या हाती असते.

दांडेलीच्या गिरणीने मग दूरच्या राज्यांतून बांबू आणला, पुढे निलगिरी, सुबाभूळ अशा लाकडाकडे ती वळली. गिरणीला दुसरा माल मिळाला. बुरुडाला कुठला?

आता देशाचे आकडे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2019च्या अहवालात बांबू असलेले क्षेत्र 1,60,037 चौ. कि.मी. होते, 2021च्या अहवालात 1,49,443 आणि 2023च्या अहवालात 1,54,670. हे वाचताना जपून! 'बांबू असलेले क्षेत्र' म्हणजे बांबूचे रान नव्हे. जिथे चार बेटे उरली तेही त्यात येऊ शकते. काळीच्या खोऱ्यात जे झाले ते आधी दाटीत झाले, क्षेत्रात नाही.

मुलांनो, यंदा हे करून पाहा. आपल्या गावाजवळचे कळकाचे एक बेट निवडा. मृगाच्या पावसानंतर दर रविवारी त्यातले नवे कोंब मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. बुडाचे काटे शाबूत आहेत का, कोंब कुणी खाल्ला, तोडला की आपोआप कुजला, हेही नोंदवा. दिवाळीच्या सुट्टीआधी किती काठ्या उभ्या राहिल्या ते पाहा आणि वही विज्ञानाच्या बाईंकडे द्या. मोजताना काट्यांत हात घालू नका, पावसाळ्यात तिथे सापही असतात.